पंचासमक्ष

मराठीच्या प्राध्यापकाचे मराठी कुणाला हवे असते, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे पडत आला आहे. विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते हवे असते, प्राचार्यांना स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणापुरते, आणि शेजाऱ्यांना मुलीच्या लग्नपत्रिकेपुरते. त्यामुळे गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई शिक्षकखोलीच्या दारात उभ्या राहून, "सर, तुमचं मराठी हवं होतं जरा," असे म्हणाल्या तेव्हा मी सवयीने विचारले, "लग्न कुणाचं?"

"लग्न नाही," बाई म्हणाल्या, "पंचनामा."

बाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या. पराग हा त्यांचा उभ्या आयुष्याचा विषय. फुलाच्या मध्यभागी जी पिवळी भुकटी असते, जी आपण नाकाला लागली तर पुसून टाकतो, तिच्यावर या बाईंनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढची तीस वर्षे घालवली. त्या वर्षी त्यांच्या मनात आले होते की गुन्ह्याच्या तपासात पराग कसा साक्ष देतो ते मुलांकडून करून घ्यावे. बेत असा होता : एका विद्यार्थ्याने स्वच्छ धुतलेले कॅनव्हासचे जोडे घालून तीन ठिकाणांपैकी कुठे तरी अर्धा तास हिंडून यायचे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचा वालधुनीचा काठ, बदलापूरची उल्हास नदीलगतची भातखाचरे, किंवा उल्हासनगरात आमच्याच महाविद्यालयामागचे मैदान. ठिकाणाचे नाव कागदावर लिहून, लिफाफा बंद करून तो प्राचार्यांच्या कपाटात ठेवायचा. मग जोड्याला लागलेल्या चिखलातून बाईंच्या मुलांनी जागा ओळखायची. पण सगळे खऱ्यासारखे झाले पाहिजे, म्हणून जोडे ताब्यात घेण्याचा पंचनामा हवा, आणि पंच म्हणून मी हवा.

मी हो म्हटले. पण 'पंच' हा शब्द ऐकून माझ्या पोटात जे किंचित हलले, त्याबद्दल बाईंना काही सांगितले नाही. ते पुढे येईलच.

मी बदलापूरला राहतो आणि रोज गाडीने उल्हासनगरला येतो. मध्ये अंबरनाथ लागते. प्रवास जेमतेम पाव तासाचा, आणि गाडीत उभे राहायला मिळाले तरी धन्यता मानणाऱ्या माणसाला ही तिन्ही गावे सारखीच. एकाच लांबलचक गर्दीची तीन नावे. बाईंना ते मुळीच पटत नाही. त्यांच्या मते धुळीच्या हिशेबाने ही तीन वेगळी राज्ये आहेत. अंबरनाथच्या देवळाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. तेथे नदीकाठ आहे, जुनी झाडे आहेत. उल्हासनगर म्हणजे लढाईच्या काळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे गाव झाले. तेथे पत्र्याच्या शेडांच्या फटींतून उगवणारे तण आणि रस्त्याकडेला लावलेली झाडे. बदलापूरला अजून भात आहे, जांभळे आहेत, आणि पाठीशी माथेरानची डोंगररांग. "तुम्ही पाव तासात तीन जंगलांतून येता, सर," बाई म्हणाल्या, "फक्त जागे नसता."

त्यांच्या खोलीत एका सूक्ष्मदर्शकाशी मला बसवून त्यांनी ओळखीपाळखी करून दिल्या. जास्वंदीचा कण भला मोठा, अंगभर काटे असलेला, जणू एखाद्या राक्षसाची गदा. बाभळीचे कण सोळा-सोळा एकत्र चिकटलेले, लाडवांच्या ताटासारखे. झेंडूचा कण लहान, गोल आणि काटेरी. गवताचा म्हणजे साधा गुळगुळीत चेंडू, त्याला एकच बारीक भोक. हे सारे मिलिमीटरच्या काही शतांशांत. आणि प्रत्येकाच्या अंगावर असे एक कवच, की आतला जीव मरून जातो, फूल कुजते, झाड तोडले जाते, पण कवच लाखो वर्षे तसेच राहते. ज्या द्रव्याचे ते बनलेले असते त्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात. साधी आम्ले त्याचे काही वाकडे करू शकत नाहीत.

या कवचानेच १९५९ साली ऑस्ट्रियात एका खुन्याला पकडून दिले. व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीवर सहलीला गेलेला एक माणूस नाहीसा झाला. संशय एकावर होता, पण प्रेत सापडेना. संशयिताच्या बुटाचा चिखल व्हिएन्ना विद्यापीठाच्या विल्हेल्म क्लाउस यांच्याकडे आला. त्यात स्प्रूस, विलो, आल्डर या झाडांचे ताजे पराग होते आणि त्यांच्या जोडीला हिकोरीचा पराग, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा. ताजे आणि प्राचीन यांची अशी सरमिसळ होईल अशी जागा व्हिएन्नाच्या उत्तरेला नदीकाठी एका लहानशा पट्ट्यातच होती. तुम्ही अमुक ठिकाणी गेला होता, असे तोंडावर सांगितल्याबरोबर तो माणूस खचला आणि त्याने स्वतः पुरलेली जागा दाखवली.

आपल्याकडे ही विद्या खुनातून नव्हे, मधातून रुजली. महाबळेश्वरच्या मधुवनस्पतींच्या परागांवरचा अभ्यास पुण्याच्या संशोधकांनी १९५३ सालीच प्रसिद्ध केला होता. मधाच्या थेंबातले पराग मोजले की माशी जांभळीवर बसली होती की हिरड्यावर, ते कळते. तेव्हाच्या औरंगाबादला डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग पकडण्याचे यंत्र तयार केले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मधाच्या बाटलीवर लिहिलेले खरे की आत आहे ते खरे, हा प्रश्न आमच्या उल्हासनगरच्या माणसाला फार जवळचा. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्या गावाने स्वतःच हसत हसत सगळ्या देशाला सांगितला आहे.

व्हिएन्नाची गोष्ट ऐकून मी अर्थातच चेकाळलो. मी कथा-कादंबऱ्या शिकवणारा माणूस. मी म्हटले, "बाई, आपल्या डोंगरांत कारवी आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली. मग एखाद्याच्या जोड्याला कारवीचा पराग सापडला, तर नुसती जागाच नव्हे, गुन्ह्याचं वर्षसुद्धा सांगता येईल!"

बाई माझ्याकडे काही वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कवच टिकतं म्हणून मघाशी कौतुक केलंत ना? मग २०१६ चा पराग मातीत आजही असणार. आज त्या मातीत पाय टाकला तरी तो जोड्याला लागेल. तुमच्या कादंबरीत एक निरपराध माणूस फासावर गेला, सर."

मी गप्प बसलो. त्यांनी मग आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अजून पुरती पचलेली नाही. गवताचा पराग वाऱ्यावर वाटेल तेवढा उधळतो, कोसच्या कोस जातो. म्हणून तो ढिगाने सापडला तरी त्याची साक्ष हलकी. कीटकांवर विसंबलेले फूल हात आखडून पराग करते, आणि तो झाडाखालीच पडतो. म्हणून त्याचे चार कण सापडले तरी त्यांना वजन. जो फार बोलतो त्याच्यावर कमी विश्वास ठेवायचा, असा हा न्याय दिसतो.

पंचनामा खंडेनवमीच्या दिवशी झाला. जोडे कागदी पिशवीतून आले. मी ऐटीत लेखणी काढली आणि लिहिले, 'नदीकाठच्या काळ्या चिखलाने माखलेले पांढऱ्या रंगाचे जोडे...'

"नदीकाठच्या हे तुम्हांला दिसलं का?" बाईंनी विचारले.

मी ते खोडले.

"माखलेले म्हणजे किती?"

मी पुन्हा पाहिले. डाव्या जोड्याच्या तळाला टाचेकडे बोटभर जाडीचा ओला, गडद तपकिरी थर. उजव्याला फक्त खाचांमध्ये. काळा तर तो नव्हताच. वीस वर्षे मी मुलांना वर्णन कसे करावे हे शिकवीत आलो, आणि समोरच्या जोड्याचा रंग मला दोनदा पाहिल्यावाचून कळला नाही. तीन ओळींच्या मजकुराला पाऊण तास लागला. चिखल नव्या पात्याने खरवडून त्याचे दोन भाग केले. एक कामाला, एक राखीव. राखीव भाग पुडीत बांधून, दोऱ्यावर लाख ओतून बाईंनी मोहर उठवली. "तुमच्यासमोर बांधली ना?" त्यांनी विचारले, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला सही करवेना.

कारण असे. २००३ सालची गोष्ट. मी तेव्हा इकडे आलेलो नव्हतो. दूरच्या एका लहान गावी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. पावसाळ्याची रात्र होती आणि शेवटची एस.टी. गाठायची होती. रस्त्यात एका अंमलदाराने हाक मारली, "मास्तर, दोन मिनिटं या. प्रतिष्ठित माणूस हवा आहे." कुणी आपल्याला प्रतिष्ठित म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. मी आत गेलो. एका घरफोडीचा तपास होता. कोपऱ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसला होता, अनवाणी. टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती. तीत त्याच्या चपला आणि चपलांचा चिखल, असे मला सांगण्यात आले. पंचनामा आधीच लिहून तयार होता. मी तो वाचला. त्यात 'समक्ष' हा शब्द चुकीचा लिहिला होता. मी खिशातली लेखणी काढून तेवढा दुरुस्त केला, खाली सही केली आणि धावत जाऊन एस.टी. पकडली.

दोन वर्षांनी साक्षीचे बोलावणे आले. आरोपीच्या वकिलांनी एकच प्रश्न नीट विचारला : "पुडी तुमच्यासमक्ष बांधली का?" मी म्हटले, "हो." सरकारी वकिलांनी लगेच तो कागद न्यायाधीशांना दाखवला. साक्षीदाराने स्वतःच्या हाताने शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारली आहे. तेव्हा त्याने पंचनामा किती काळजीपूर्वक वाचला असेल, असे ते म्हणाले. माझ्या शुद्धलेखनाचा एवढा जाहीर गौरव त्यानंतर कधी झाला नाही. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. विचारायचे राहून गेले असे नव्हे, विचारले नाही.

आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायला सांगितले आहे. चांगलेच झाले. त्या रात्री मात्र कॅमेरा मीच होतो.

बाईंना यातले त्या दिवशी काही सांगितले नाही. सही केली, ही पुडी खरोखरच माझ्यासमोर बांधली होती. मग काम सुरू झाले, आणि मी बिनकामाचा असूनही पाहत उभा राहिलो. बाईंनी मला एक पांढरा कोट दिला. त्या खोलीत फूल आणायला बंदी आहे. एवढ्या खंडेनवमीलासुद्धा साऱ्या महाविद्यालयात यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि बाईंच्या सूक्ष्मदर्शकाला नुसते हळदकुंकू, तेही खोक्यावर. खिडक्या बंद, पंखा बंद, टेबल पुसलेले.

चिखलातून पराग काढणे म्हणजे थोडक्यात सांगायचे तर बाकी सगळे नाहीसे करणे. आधी त्या मापलेल्या चिखलात लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची एक गोळी टाकतात. गोळीत किती हजार बीजाणू आहेत ते ठाऊक असते. रांगोळीच्या ढिगात मोजून शंभर मोहऱ्या मिसळाव्यात, आणि मग चिमटीत मोहऱ्या किती आल्या त्यावरून ढिगाचा अंदाज करावा, तसेच हे. मग हायड्रोक्लोरिक आम्ल. चुना असेल तर फसफसून जातो. मग कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम करणे. कुजलेल्या पाल्याचा काळपटपणा सुटतो. मग बारीक चाळणी. काड्या आणि खडे वर राहतात. वाळू काढायला मोठ्या प्रयोगशाळांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते काचही खाते आणि कातडीतून थेट हाडापर्यंत जाते. "ते मी मुलांच्या जवळपाससुद्धा येऊ देत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात ढवळले. वाळू तळाला बसली आणि पराग वर तरंगला.

शेवटचा संस्कार स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांचा. नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल. त्याआधी नळीतला पाण्याचा अंश ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन काढावा लागतो, नाहीतर पाण्याशी गाठ पडून ते मिश्रण उसळते. गरम पाण्यात काही मिनिटे ठेवले की कापसाचे तंतू, पानांचे तुकडे, परागाच्या आतला जीवरस, सारे विरघळते. उरते ते रिकामे कवच, सोनेरी तपकिरी, आणि त्याच्यावरची नक्षी अशी स्पष्ट की जणू आत्ताच कोरली. प्रत्येक पायरीनंतर नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरायच्या, वरचे पाणी ओतायचे, आणि कोणी, केव्हा, किती ओतले ते वहीत लिहायचे. शेवटी सॅफ्रॅनिनचा लाल रंग, ग्लिसरीन जेलीचा थेंब, वर पातळ काच.

नळ्या पाच होत्या. एक जोड्याची, तीन त्या तीन ठिकाणांहून तुलनेसाठी आणलेल्या मातीच्या, आणि पाचवी रिकामी. रिकाम्या नळीत नुसते शुद्ध पाणी. पण तिला तीच आम्ले, तीच गाळणी, तेच सारे सोपस्कार. मला वाटले, मुलांची काही चूक झाली. बाई म्हणाल्या, "हीच सगळ्यांत महत्त्वाची. बाकीच्या चिखलाबद्दल बोलतात. ही आमच्याबद्दल बोलते."

दसरा झाला, आणि दोन दिवसांनी बाईंनी मला बोलावले. पहिल्यांदा त्यांनी रिकाम्या नळीची स्लाइड लावली होती. "पाहा." मी डोळा लावला. लालसर पोकळीत एक लहान, गोल, काटेरी कण बसला होता. स्लाइड सरकवली तर दुसरा, आणि कडेला तिसरा.

"झेंडू!" मी ओरडलो. ओळख पटल्याचा मला आनंदच झाला होता.

"सूर्यफुलाच्या कुळातला," बाईंनी दुरुस्ती केली. "झेंडूचा म्हणायला मी शपथेवर तयार नाही. पण त्या दिवशी तुम्ही कार्यालयातल्या पूजेहून आला होता का?"

आलो होतो. कारकुनाने दिलेले झेंडूचे फूल सदऱ्याच्या खिशात होते. वरून कोट चढवला होता, पण गुंड्या लावल्या नव्हत्या, आणि नळ्या भरताना मी कौतुकाने पुन्हा पुन्हा वाकत होतो.

मला वाटले, तीन कण वजा करतील आणि पुढे जातील. व्यवहारात आपण असेच करतो. एका मुलानेही तेच सुचवले. जोड्याच्या स्लाइडमध्ये शेकड्यांनी कण होते आणि जागा जवळजवळ ओळखल्यासारखी झाली होती. मुलांच्या चेहऱ्यावर तो आनंद दिसत होता. बाईंनी पाचही नळ्यांतला शिल्लक ऐवज टाकाऊ आम्लाच्या बरणीत ओतला आणि वहीत लिहिले : 'रिकाम्या नळीत सूर्यफूल कुळ ३. तुकडी रद्द.' खाली तारीख आणि सही. माझे नाव त्यांनी लिहिले नाही. मीच म्हटले, "लिहा." मग त्यांनी लिहिले.

त्या संध्याकाळी मुले गेल्यावर मी त्यांना २००३ सालची गोष्ट सांगितली. त्या ऐकत असताना पाती पुसत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारले, "त्या मुलाचं नाव आठवतं?"

"नाही. 'समक्ष' आठवतं."

त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी माझे समाधान करण्याचा प्रयत्नही केला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर राखीव पुडी उघडून काम पुन्हा पहिल्यापासून झाले. या वेळी मी खिसे रिकामे करून, बाहेर कपडे झटकून आत गेलो. मोहर तपासली, अखंड होती. बाईंनी हवा तेवढा चिखल काढला, उरलेला पुन्हा बांधला, दोऱ्यावर लाख ओतली, मोहर दाबली. बाहेर अंधार पडू लागला होता आणि माझी सहा वाजून दहा मिनिटांची गाडी होती. कागद माझ्यापुढे आला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी लेखणी उघडली आणि थांबलो.

"बाई," मी म्हटले, "लाख ओतताना मी घड्याळाकडे पाहत होतो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी दोरा कापला आणि लाख पुन्हा तापत ठेवली.